तुम्ही विचारलंत म्हणून: चांदबिबी खरंच लढली होती का?

मी नगरची म्हटलं (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) की समोरचा हमखास दोन गोष्टी विचारतो. एक, तो डोंगरावरचा चांदबिबीचा महाल, तिथेच राहायची ना ती? आणि दुसरी, ती खरंच तलवार घेऊन लढली होती की ते आपलं असंच? दरवेळी घाईघाईत काहीतरी अर्धवट सांगते, म्हणून आता नीट लिहूनच टाकते.

पहिल्याचं उत्तर पटकन. नाही. पाथर्डीच्या रस्त्याला शहा डोंगरावर जी तीन मजली आठकोनी दगडी इमारत दिसते ती सलाबतखानाची कबर आहे, नगरचा सुलतान मुर्तजा निजामशहा याचा वजीर होता तो. पण रिक्षावाल्याला सलाबतखानाची कबर सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील.

दुसऱ्याचं उत्तर, हो, लढली. डिसेंबर 1595 मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान यांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. खानखानान म्हणजे शाळेत ज्याचे दोहे पाठ करायला लावतात तोच रहीम. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, आतल्यांना त्याची खबर लागली, त्यांनी काही सुरुंग शोधून रिकामे केले पण एक राहिलाच, तो उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, पळायच्या बेतात होती. तेवढ्यात ही बाई चिलखत घालून, तोंडावर पडदा आणि हातात तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली, लोक मागे फिरले, अंधार पडेपर्यंत झुंज झाली आणि रात्रीतून दगडमाती रचून भिंत इतकी उचलली की सकाळी मोगलांना तिथून आत शिरता येईना. हे फेरिश्ता सांगतो आणि तो त्याच काळातला, विजापूर दरबारचा इतिहासकार. तोफगोळे संपले तेव्हा तिने सोन्या-चांदीचे गोळे करून तोफांतून उडवले असं जे सांगतात ते मात्र खाफीखान या इतिहासकाराकडे येतं आणि तो लिहितोय शंभर-सव्वाशे वर्षांनी, तेव्हा ते तुम्ही तुमच्या हिशोबाने घ्या. आणि ती हातावर ससाणा घेऊन घोड्यावर बसलेली चित्रं असतात ना, तीही ती गेल्यावर खूप उशिरा काढलेली आहेत.

पण खरं सांगू, मला तो खिंडारातला दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस वाटतच नाही. तलवार घेऊन उभं राहायला धाडस लागतं, मान्य, पण ही बाई त्याआधी पंधरा वर्षं जे निस्तरत होती ते बघितलं की डोकं गरगरतं.

ती हुसेन निजामशहाची मुलगी. विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईआधी निजामशाही-आदिलशाहीची दोस्ती पक्की करायला तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लावलं आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. ज्या सोलापूरवरून दोन घराणी वर्षानुवर्षं भांडली तो किल्ला पोरीबरोबर गेला, म्हणजे लग्नाचा उद्देश काय होता ते कळतंच. 1580 मध्ये अलीचा खून झाला, गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आणि त्याला सांभाळायचं काम हिच्यावर. दरबारात एकामागून एक सरदार कारभारी होऊ बघतायत, त्यातल्या किश्वरखानाने तर तिला चक्क साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. तो पडल्यावर ती परत आली, मग दुसरा, मग तिसरा. पुढे ती माहेरी नगरला आली तर इथे त्याहून कहर, मुलाने बापाला मारलं, त्या मुलाला सरदारांनी मारलं.

आणि माहेरच्या बायकांना कारभार नवीन नव्हता बरं का. हिची आई खुंजा हुमायून, तिनेही मुर्तजा, म्हणजे हिचा भाऊ, लहान असताना राज्य चालवलं आणि मग पोरानेच तिला कैदेत टाकलं. हुसेनशहाच्या कौतुकाचं एक सचित्र फारसी हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, त्यातल्या चित्रांमध्ये राजाशेजारी बसलेली ही राणी नंतर कोणीतरी खोडून टाकलीय. आईचं काय झालं हे बघूनही मुलगी त्याच धंद्यात उतरली, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

1595 मध्ये निजामशहा लढाईत मेला आणि नगरात एकाच वेळी चार निजामशहा झाले. दरबारातल्या सरदारांपैकी मियाँ मंजूचा एक, इखलासखानाचा एक, आहंगखानाचा एक म्हातारा, आणि हिचा बहादूर, मेलेल्या राजाचा तान्हा मुलगा, जो किल्ल्यात नव्हताच, जुन्नरकडे चावंडला कैदेत होता! मोगलांना बोलावलं कोणी तर याच मियाँ मंजूने. नंतर पस्तावला आणि मदत आणतो म्हणून किल्ल्याबाहेर निघून गेला. हिने त्या गैरहजर पोराच्या नावाने द्वाही फिरवली, म्हणजे तोच राजा असं जाहीर केलं, आणि किल्ला ताब्यात घेतला.

मग मदत कुठून आली? विजापूरहून. तोच इब्राहिम, ज्याला हिने वाढवला होता, त्याने सोहेलखानाबरोबर फौज पाठवली. इकडे मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं आणि छावणीत दाणागोटा संपत आला होता. अशा वेळी, 1596 च्या सुरुवातीला, तिने तह केला. वऱ्हाड मोगलांना दिला आणि त्यांच्याकडून बहादूरला निजामशहा म्हणून मान्य करून घेतलं.

इथे लोक नाक मुरडतात, एवढी लढली आणि वऱ्हाड देऊन टाकला? अहो, किल्ल्यात कितीसे दिवस निघणार होते! आणि वऱ्हाडही वीसेक वर्षांपूर्वीच निजामशाहीने इमादशाहीकडून घेतलेला होता. मला तरी तो सौदा वाईट वाटत नाही. वाईट झालं ते नंतर. जो पेशवा (म्हणजे इथे मुख्य कारभारी) नेमावा तो डोक्यावर बसायचा, आहंगखान तर तिला आणि पोराला ताब्यात घ्यायला निघाला, तेव्हा तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले आणि स्वतःच्याच पेशव्याने बाहेरून वेढा घातला.

1600 मध्ये मोगल परत आले, या वेळी शहजादा दानियाल, आणि मागे बऱ्हाणपुरात खुद्द अकबर. आहंगखान जुन्नरला पळाला. तिने हिशोब केला की या खेपेला किल्ला टिकत नाही, तेव्हा किल्ला द्यावा, बदल्यात सुखरूप वाट मागावी आणि पोराला घेऊन जुन्नरला जावं. हे तिने किल्ल्यातल्या हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याला सांगितलं आणि तो ओरडत बाहेर धावला की चांदबिबी मोगलांना फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला मारलं. म्हणजे मोगलांनी नाही, ज्यांना तिने खिंडारात परत उभं केलं होतं त्याच शिबंदीने. ऑगस्टमध्ये किल्ला पडला, बहादूरला ग्वाल्हेरला नेऊन कैदेत टाकलं.

यापुढचं फारसं कोणी विचारत नाही, पण तेवढं सांगते. त्याच वर्षी निजामशाहीतल्या मलिक अंबर या सरदाराने घराण्यातला दुसरा एक मुर्तजा परांड्याला गादीवर बसवला आणि नगर हातात नसताना निजामशाही चालवून दाखवली, पुढे तर राजधानीही जुन्नरला नेली आणि मोगलांना पंचवीस वर्षं पुरून उरला. किल्ला सोडा, वारस वाचवा, जुन्नरला जा, हेच ती त्या दिवशी हमीदखानाला सांगत होती.