उभं विमान

११ ऑक्टोबर २०२४ ला उलव्याच्या नवीन विमानतळावर एअर फोर्सचं सी-२९५ हे मालवाहू विमान पहिल्यांदा उतरलं, आणि सोबत सुखोई हे फायटर पण येणार अशी बातमी होती, म्हणून आमच्या नेरूळच्या सोसायटीत वॉचमनकडून टेरेसची किल्ली घेऊन आम्ही दहा-बारा जण वर जाऊन उभे. आवाज आला. आवाज आला तिकडे सगळ्यांच्या माना वळल्या तर तिकडे काहीच नाही, कारण आवाज आमच्यापर्यंत पोचेतो सुखोई कधीच पुढं निघून गेलेलं. माझ्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ अजून आहे, त्यात पाण्याची टाकी दिसते, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल दिसतो आणि शेजारच्या काकूंचं "कुठंय? कुठंय?" ऐकू येतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की फायटर विमान बघायचं तर ते रिटायर झाल्यावरच. उडताना ते आपल्यासाठी नसतंच.

गोव्याला सगळे बीचवर जातात, मी एकदा हट्टाने घरच्यांना वास्कोजवळच्या नौदलाच्या विमान म्युझियममध्ये नेलं (बायकोने ते अजून बोलून दाखवणं सोडलेलं नाही). तिथं सी हॅरियर आहे, इंजिनाची तोंडं खाली वळवून हेलिकॉप्टरसारखं सरळ उतरणारं, नौदलाने २०१६ ला निवृत्त केलं ते. पण मला आवडलं त्याच्या आधीचं सी हॉक. १९७१ च्या युद्धात जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेली ही विमानं, आणि यांचे पंख चक्क घडी होतात, कारण जहाजावर जागा कमी! आमच्या वन बीएचकेतलं डायनिंग टेबल पण असंच जेवणानंतर भिंतीला जातं, त्यामुळे लगेच आपलं माणूस वाटलं. विक्रांत स्वतः काही वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, २०१४ ला भंगारात गेली. तिची विमानं मात्र इथे ऊन खात उभी आहेत, कुणाचं नशीब कुठे.

गोवा लांब पडतं म्हणून मग वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. तिथं मारुत आहे, एचएफ-२४. हे विमान बघायला मी आमच्या पाचव्या मजल्यावरच्या काकांना घेऊन गेलो. काका नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, फिटर होते, मिग-२१ वर आयुष्य गेलं, आणि रिटायर होऊन मुलाकडे नेरूळला आलेत. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग महालक्ष्मी, काका पूर्ण प्रवासात गप्प.

मारुतची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीचा कुर्ट टँक, दुसऱ्या महायुद्धातलं फॉक वुल्फ १९० ज्याने डिझाईन केलं तो, बेंगळुरूला येऊन आपल्या लोकांबरोबर हे विमान बनवतो, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडतं. दिसायला इतकं देखणं की बस. पण हवं तसं इंजिन मिळालंच नाही, नॅट या छोट्या फायटरमध्ये जे ऑर्फियस घराण्यातलं इंजिन एक असायचं तसली दोन यात बसवून भागवलं, आणि सुपरसॉनिक व्हायला जन्मलेलं विमान सरळ उड्डाणात आवाजाचा वेग काही ओलांडू शकलं नाही. तरी १९७१ ला राजस्थानच्या बाजूला लढलं. शाळेत हुशार पण घरी अभ्यासाला टेबल नाही, अशी मुलं असतात ना, तसं.

हे सगळं मी काकांना उत्साहाने सांगत होतो आणि काकांचं लक्षच नव्हतं. ते विमानाच्या पोटाखाली वाकून रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. म्हटलं काय करताय? "नख अडतंय का बघतोय. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या लेव्हलला पाहिजे, नख अडलं की आमचा इन्स्पेक्टर परत पाठवायचा. एवढ्याशा उंचवट्याला पण हवा अडते." मग वर पंखाकडे बोट करून म्हणाले, पंखावर 'नो स्टेप' लिहायचो आम्ही, जिथे पाय दिला तर पत्रा चेपेल तिथे. आणि तरी नवीन पोरगा एकदा पाय देतोच.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ चा निरोप झाला, १९६३ पासूनची ६२ वर्षं. टीव्हीवर लागलं होतं, सगळे कॉमेंटेटर भावुक, काका एवढंच म्हणाले की शेपटीच्या मुळाशी पॅराशूट असतं, उतरल्यावर ते उघडतं, ते परत घडी घालायचं काम फार किचकट. "इस्त्रीच्या कपड्यासारखं नाही रे ते."

तर वरळीला. काकांचं नख अजून रिव्हेटवर, दुसरी ओळ, तिसरी ओळ, आणि तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने शिट्टी मारली, ओ आजोबा, हात लावू नका. काका सरळ झाले, कमरेवर हात ठेवला, आणि त्याला म्हणाले, "नो स्टेप लिहितात रे बाबा. नो टच कुठं लिहितात?"