एका इंजिनावर

डाकोटा या जुन्या, दोन इंजिनांच्या विमानाबद्दल विमानाच्या धंद्यात एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे: ‘एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर घरी आणतं.’ मी उमेदवारी करत होतो तेव्हा जुने मेकॅनिक हे इतक्या खात्रीने सांगायचे, की त्यावर शंका घेणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेण्यासारखं होतं. वाक्य खोटं नाही. हवेत पुरेशी उंची असेल आणि भार बेताचा असेल तर डाकोटा एका इंजिनावर नीट उडतं. पण एका दुपारी माझ्या वर्कशॉपमध्ये एका माणसाने या वाक्याचा हिशोब मागितला, आणि तो मागायचा त्याला हक्क होता.

नव्वदच्या दशकातला हिवाळा. मी नागपुरात विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला शिकवत होतो. वर्कशॉपमध्ये लोखंडी स्टँडवर एक जुनं ट्विन वास्प इंजिन बसवलेलं होतं. प्रॅट अँड व्हिटनीचं, १४ सिलिंडर दोन ओळींत गोलाकार लावलेले, प्रत्येकाला दोन असे २८ स्पार्क प्लग, ताकद १२०० अश्वशक्ती. डाकोटाला अशी दोन इंजिनं. जेटच्या जमान्यात हे कशाला शिकायचं, असं मुलं विचारायची. पण पाना धरायला आणि ऑइल नेमकं कुठून झिरपतंय ते बोटाने शोधायला शिकवावं तर याच इंजिनावर, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

वर्गातला एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर थांबला. ‘सर, माझे आबाजी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, टपालाची वर्गवारी करणारे सॉर्टर होते. सोनेगाव विमानतळावर विमानाच्या टपालावर त्यांची ड्युटी असायची. त्यांना हे इंजिन बघायचंय. आणू का?’ मी म्हटलं, जरूर आण.

आबाजी आले ते हाफ स्वेटर, गळ्याला मफलर, पायात पॉलिश केलेले बूट. इंजिनाभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली. मग मी न विचारताच बोलायला लागले, आणि माझी मुलं हातातली अवजारं ठेवून ऐकू लागली.

रात्रीची हवाई टपालसेवा १९४९च्या जानेवारीअखेर सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळी नागपूरला भेटायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परत आपापल्या वाटेला लागायची. सकाळी मुंबईच्या माणसाच्या हातात आदल्या दिवशी कलकत्त्याला टाकलेलं पत्र. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हे जमलं. आबाजींनी हाताने दाखवलं: थैल्याच्या तोंडाला सुतळीची गाठ, गाठीवर लाखेचं सील, सीलजवळ लेबल. कंदिलाच्या उजेडात लेबल वाचायचं, थैला वजनकाट्यावर चढवायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग तो विमानाच्या दारात द्यायचा. डाकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे आतली जमीन चढणीची. पुढच्या बाजूला थैले न्यायचे तर चढावर ओढत न्यावे लागत. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

मग ते १२ डिसेंबर १९५३वर आले.

त्या रात्री रात्रीच्या टपालसेवेचं डाकोटा नागपूरहून सुटलं, उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेलं, आणि विमान जवळच कोसळलं. १४ जणांपैकी १३ गेले. वाचला तो वैमानिक. मेलेल्यांत कामगार चळवळीतले नेते आणि लोकसभेचे खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. इंडियन एअरलाइन्स स्थापन होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. १ ऑगस्टला आठ खासगी कंपन्या एकत्र करून ती उभी राहिली, आणि तिच्या ताफ्यात ७४ डाकोटा होती.

‘त्या रात्री माझी ड्युटी नव्हती,’ आबाजी म्हणाले. ‘पण त्याच्या नंतर विमान सुटलं की मी बाहेर उभा राहून आवाज ऐकायचो. दोन्ही इंजिनांचा आवाज एकसारखा येतो का नाही ते.’ मग नातवाकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, ‘हा घरी सांगतो, डाकोटा एका इंजिनावर उडतं. तुमी सांगा साहेब, मंग ते काऊन पडलं?’

त्या एका अपघाताचा निवाडा वर्कशॉपमध्ये उभं राहून करणं मला योग्य वाटलं नाही. पण उड्डाणाच्या क्षणी इंजिन गेलं की डाकोटाचं काय होतं, हे मला दाखवता येत होतं. मी खडूने जमिनीवर विमान काढलं आणि त्यांना सांगितलं तसंच इथे लिहितो.

डावं इंजिन गेलं असं धरा. उजवं पूर्ण जोरात ओढतंय, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. वैमानिकाला उजवा पाय दाबून रडरने, म्हणजे शेपटावरच्या सुकाणूने, ते सरळ ठेवावं लागतं. वेग कमी असेल तर रडरवरून जाणारा वारा कमी, म्हणजे कितीही दाबलं तरी रडर पुरत नाही. त्यातच डाव्या पंखावरून प्रॉपेलरचा वारा जायचा थांबलेला असतो, म्हणून तो पंख खाली बसू लागतो. बंद पडलेलं इंजिन शांत राहत नाही, पुढून येणाऱ्या वाऱ्याने त्याचा प्रॉपेलर फिरत राहतो आणि साडेअकरा फूट व्यासाची ती चकती विमानाला मागे खेचते. ती फेदर करावी लागते, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत उभी करावी लागतात. त्यासाठी बटण आहे, ऑइलचा पंप आहे, पण पाती फिरायला काही सेकंद जातात. चाकं आत घ्यायलाही सेकंद लागतात. आणि या सगळ्याच्या आधी कुठलं इंजिन गेलं ते ओळखायचं असतं. ज्या बाजूचा पाय मोकळा, ते इंजिन गेलेलं. घाईत चुकीचं इंजिन फेदर केलं तर दोन्ही गेली.

हे सगळं रात्री करायचं असतं. बाहेर क्षितिज नाही, विमान जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर. एका इंजिनावर डाकोटा चढतं, पण कधी? पाती फेदर झालेली, चाकं आत, वेग पुरेसा, भार मर्यादेत. या चार गोष्टी जुळेपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत ते चढत नाही, कित्येकदा उतरतं.

आबाजींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘भाराचं काय म्हणाले तुमी?’

तेव्हा मला कळलं, की ते एवढ्या वर्षांनी इंजिन बघायला का आले.

डाकोटाचा नमुना १९३५चा. त्या वेळच्या अमेरिकन नियमांप्रमाणे नागरी वाहतुकीत उड्डाणाच्या वेळी भार साधारण ११,४०० किलो. दुसऱ्या महायुद्धात त्याच विमानाला १४,००० किलोपर्यंत भार घेऊन उडवलं गेलं, कारण युद्धात कोण विचारतो. युद्ध संपलं तेव्हा अशी हजारो विमानं उरली आणि स्वस्तात विकली गेली. भारतात ती घेऊन एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या. एक इंजिन गेलं तरी उड्डाण पूर्ण करता आलंच पाहिजे, आणि त्यासाठी धावपट्टीची लांबी, उंची, तापमान पाहून प्रत्येक उड्डाणाचा भार ठरवायचा, ही कडक पद्धत पुढच्या पिढीच्या विमानांसाठी आली. डाकोटाला जुन्या परवान्यावर चालू राहू दिलं गेलं. ते थांबवलं असतं तर जगातली अर्धी विमानसेवा बंद पडली असती, हे खरं. पण त्याची किंमत माणसांनी मोजली, हेही खरं, आणि ते मुलांना सांगितलं पाहिजे.

‘थैले आम्ही काट्यावर तोलूनच देत होतो,’ आबाजी म्हणाले. ‘एक पाव इकडेतिकडे नाही.’

मी त्यांना सांगितलं की वजनाची चिठ्ठी बरोबर देणं हे सॉर्टरचं काम, आणि ते त्यांनी केलं. मर्यादा किती असावी हे ठरवणारे लोक वेगळे, त्यांचे तक्ते वेगळे. त्यांनी मान हलवली आणि नातवाने आणलेल्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले.

एका मुलाने मग विचारलं, ‘पण सर, डाकोटा इतकी वर्षं टिकलं, म्हणजे ते भक्कमच ना?’ त्याला मी अब्राहम वाल्डची गोष्ट सांगितली. वाल्ड कोलंबिया विद्यापीठातला संख्याशास्त्रज्ञ. युद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत, यावरून चिलखत कुठे लावायचं हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याचं म्हणणं, जी परत आली नाहीत त्यांचा हिशोब धरा. जिथे भोकं दिसत नाहीत तिथेच मार जिव्हारी लागतो. हाच वाल्ड भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांच्या दौऱ्यावर आला आणि १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीत कोटागिरीजवळ डोंगरावर आदळलेल्या एअर इंडियाच्या डाकोटात पत्नीसह गेला. विमानातले २१च्या २१ जण गेले. त्याचं वय ४८.

मुलं गप्प झाली. आज संग्रहालयात किंवा हवाई प्रदर्शनात आपल्याला जी डाकोटा दिसतात ती परत आलेली आहेत. ‘घरी आणतं’ हे वाक्यही परत आलेल्यांनीच सांगितलेलं आहे.

चहा झाल्यावर मी कपाटातले डाकोटाचे जुने तक्ते काढले. नागपूरची उंची ३१० मीटर, एकदा डिसेंबरच्या रात्रीचं तापमान आणि एकदा मे महिन्यातल्या दुपारचं. दोन्ही वेळी किती भार घेता येईल ते आकडे मुलांनी काढले आणि फळ्यावर लिहिले. मे महिन्याचा आकडा पाहून आबाजी नातवाला म्हणाले, ‘म्हणजे उन्हाळ्यात थैले कमी घ्यायला पायजे होते.’ नातू हो म्हणाला, आणि किती कमी ते त्याने त्यांना किलोत सांगितलं.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी हे इंजिन उघडण्याच्या आधी ही आकडेमोड करायला लावली. पाना नंतर.