पै-पाहुण्यांच्या गाडीचा खरा भाव

"हिचं काय येईल ओ?" हा प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला विचारला तर तो बॉनेट उघडून आकडा सांगतो. तोच प्रश्न साडूनं किंवा चुलत्यानं लग्नाच्या पंगतीत विचारला की आकडा घशात अडकतो. विचारणाऱ्याच्या मनात भाव आधीच ठरलेला असतो, त्याला फक्त होकार हवा असतो. म्हणून आपला आकडा सांगायच्या आधी त्याचा आकडा काढून घ्यावा, आणि तो कुठून आला तेही विचारावं. निम्मं काम तिथंच होतं.

बहुतेकांचा हिशोब ऑन-रोड किमतीपासून सुरू होतो. "साडेआठला पडली होती, सात वर्षं वापरली, पाच तरी यायला पाहिजेत." पण त्या साडेआठात रोड टॅक्स होता (महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के), पहिल्या वर्षाचा विमा होता, रजिस्ट्रेशन होतं आणि शोरूमनं गळ्यात मारलेलं ॲक्सेसरीजचं पॅकेट होतं. हे पैसे पुढचा मालक परत देत नसतो. सीट कव्हर, मॅटिंग, स्पॉयलर यांची किंमत शून्य धरावी. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओसाठी मूळ वायरिंग कापलं असेल तर भाव उलट उतरतो.

दुसरा आधार विमा पॉलिसीतला आयडीव्ही, म्हणजे विम्यानं धरलेली गाडीची किंमत. पहिली पाच वर्षं तो ठरलेल्या घसाऱ्यानं उतरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनंतर तो कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, आणि थोडा जास्त हप्ता भरला की वाढवूनही मिळतो. गाडी चोरीला गेली तर किती मिळतील, एवढंच तो सांगतो. बाजाराचा आणि त्याचा संबंध नाही.

तिसरा म्हणजे ऑनलाइन जाहिरातींतले भाव. ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. एकच गाडी दोन महिने त्याच भावाला लटकलेली दिसली, तर तो भाव चुकीचा आहे एवढाच तिचा उपयोग.

मग भाव काढायचा कसा? एकाच गाडीला तीन भाव असतात, ते वेगळे मांडावेत. डीलर घेतो तो, डीलर विकतो तो, आणि घरच्या घरी दोघांत ठरतो तो. तिसरा पहिल्या दोघांच्या मधे कुठं तरी बसतो. उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, मधलं व्हेरियंट, ७२,००० किमी, पहिला मालक, एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग. अशा निर्मळ गाडीला घरगुती व्यवहारात ३ लाख ९५ हजार येतात असं धरू. आता हीच गाडी समोर उभी करा. चारही टायर मूळचे, म्हणजे नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं: २० हजार. बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय: ५ हजार. क्लच वर आलाय: ९ हजार. पुढचं सस्पेन्शन खडखडतंय, बुश आणि लिंक रॉड: ६ हजार. चाळीस गेले, उरले ३ लाख ५५ हजार. एचएसआरपी पाटी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवली नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. रक्कम किरकोळ आहे, पण एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती लागणारच, आणि नसेल तर आरटीओत काम अडतं.

याच गाडीला डीलरनं ३ लाख २० म्हटले की घरात गोंधळ उडतो, "लुटायला बसलेत!" तो लुटत नाही. त्याला गाडी महिना-दीड महिना अंगणात उभी करायची असते, पॉलिश, वॉरंटी, जागेचं भाडं आणि नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तो जीएसटी लागत नाही. तो ३५ हजारांचा फरक हवा असेल तर गिऱ्हाईक स्वतः शोधायचं, फोन उचलायचे, अनोळखी माणसाला ट्रायल द्यायची आणि कागदासाठी फेऱ्या मारायच्या. काहींना हे परवडतं, काहींना नाही. दोन्ही बरोबर.

इथं एक सावधगिरी. आठ वर्षांच्या गाडीला आठ वर्षांची झीज असणार हे बाजारानं मुळात धरलेलंच असतं. बंपरवरच्या प्रत्येक ओरखड्याचे पैसे कापत बसलात तर भाव खोटाच निघेल, फक्त दुसऱ्या बाजूनं. घेणाऱ्याला पुढच्या सहा महिन्यांत खिशातून घालावे लागतील तेवढेच वजा करावेत.

सप्टेंबर २०२५ नंतर आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर २९ ते ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. शोरूमला ७ लाखांची असलेली छोटी पेट्रोल गाडी त्या हिशोबानं ६ लाख ४० च्या आसपास आली. नवी साठ हजारांनी उतरली की जुनी जाग्यावर थांबत नाही, आणि दोन-तीन वर्षं वापरलेल्या गाडीला हा फटका सगळ्यात जोरात बसतो. त्यामुळं त्या आधीचा "मित्राची एवढ्याला गेली" हा दाखला आता उपयोगाचा नाही.

कागदावर पासिंगचं साल बघून थांबू नये, आरसीवर (नोंदणीपत्रावर) बनावटीचा महिना आणि साल वेगळं असतं. डिसेंबरात बनलेली आणि फेब्रुवारीत पासिंग झालेली गाडी विकणारा नव्या सालाची सांगतो, घेणाऱ्यानं जुन्या सालाची धरावी. कोल्हापुरात केए-२२, केए-२३ पासिंगच्या गाड्या बेळगाव-चिकोडीकडून सहज येतात आणि स्वस्त दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवायची तर महाराष्ट्राचा टॅक्स भरून नंबर बदलावा लागतो, आणि तिकडचा टॅक्स परत मागायचं काम चिवट असतं. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्यांचंही तसंच. हा खर्च धरून बेरीज केली की स्वस्ताई बरीच आटते. कोकणातली, एमएच-०७ किंवा ०८ ची गाडी असेल तर दरवाज्याखालचा सिल, चाकाच्या कमानी आणि मागच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघावा. खारी हवा पत्रा आतून खाते, वरून रंग चकचकीत राहतो.

आता पूर. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाडीबद्दल कुणी सल्ला मागितला आणि २०१९ आणि २०२१ चा विषय निघाला नाही, तर तो सल्ला अपुरा. दोन्ही वर्षी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांवर गेली होती. इशाऱ्याची पातळी ३९ आणि धोक्याची ४३, म्हणजे किती पाणी होतं बघा. शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, चिखली-आंबेवाडी, शिरोळ तालुक्याचा मोठा भाग. तिथल्या पार्किंगमधल्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून बाजारात आल्याच. मालक तिथला म्हणून गाडी बुडालेली असेलच असं नाही, आणि मालक पन्हाळ्याचा म्हणून कोरडी असेलच असंही नाही, कारण मधे दोन हात बदललेले असतात.

तपासायचं ते असं. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, कधीच बाहेर न येणाऱ्या टोकावर गाळाची रेघ राहते. सीट पुढं सरकवून रुळावरचे आणि पायाचे बोल्ट बघा, गंज असेल तर का, हे विचारा. कडेची पट्टी काढून गालिचा उचला आणि खालचा फोम दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर वाळलेला चिखल शोधा. चावी दिल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी तो तोडलाय. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल गिअरच्या कन्सोलखाली, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच असतं, त्यामुळं घोट्याएवढं पाणीही तिथं पोचतं. आणि एक कागदी पुरावा: त्या वर्षांच्या विमा पॉलिस्या मागा. मालक तोच, विमा सलग, आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल तर आदल्या वर्षी क्लेम झाला होता. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत ऑगस्ट २०१९ किंवा जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये टो करून आणल्याचं जॉब कार्ड असेल तर वाद मिटला.

आमच्या हिशोबानं गालिचापर्यंत पाणी आलेली आणि नीट दुरुस्त केलेली गाडी १५ ते २० टक्के उतरवून घेता येते. सीटच्या वर पाणी गेलं असेल तर एक तृतीयांश कापूनही आम्ही पाहुण्याला नकोच म्हणू. डॅशबोर्ड बुडाला असेल तर ती गाडी भावात बसतच नाही. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज दोन-तीन वर्षांनी उमलतो. मग पावसाळ्यात कधी पॉवर विंडो, कधी एबीएस, कधी चालू गाडी बंद, आणि मिस्त्रीला दोष सापडत नाही.

अपघाताचं ओळखणं त्या मानानं सोपं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा, परत मारलेला २०० च्या पुढं, आणि लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर रंगाची जाडी मोजणारा मीटर ५०० ओलांडतो. मीटर नसला तर पातळ चुंबक कापडात गुंडाळून फिरवा, लांबी असेल तिथं तो धरत नाही. पण नुसता रंग मारलेला दरवाजा म्हणजे मोठा अपघात नव्हे, गल्लीतली मोटरसायकल घासली तरी दरवाजा रंगतो. बघायचं ते बॉनेटखाली: रेडिएटरची वरची पट्टी, दोन्ही बाजूंचे ॲप्रन, चॅसिसची टोकं. तिथले कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड एकसारखे असतात, गॅरेजचे वेडेवाकडे. तिथं काम झालेलं दिसलं तर भाव मोकळेपणानं तोडावा.

किलोमीटरचा मीटर मागं घेणं आता लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे, त्यामुळं काट्यावर विश्वास नको. सर्व्हिस नोंदी, टायरवरचे चार आकडे (२३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा), पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिलई यांचा मेळ लावावा. ३५ हजार किमी चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले का आहेत? उत्तर असू शकतं, पण विचारायला हवं. ऊसपट्ट्यातल्या, महिनोन् महिने उभ्या असणाऱ्या गाडीत उंदीर वायरी खातात, म्हणून कमी किमी हा कायम गुणच असतो असंही नाही.

ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नये. सकाळी इंजिन गार असताना स्वतः सेल्फ मारावा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. मग चार माणसं बसवून, एसी लावून जोतिबाच्या चढावर न्यावी. तिसऱ्या गिअरात आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या.

सांगायचं कसं? तोंडी नको. कागदावर मूळ भाव, त्याखाली प्रत्येक वजावट आणि शेवटी पल्ला लिहून द्यावा, "३ लाख ४५ ते ३ लाख ६५" असा. एकच आकडा दिला की तो आपला शब्द होतो आणि पुढं पाच हजारांवरून नाव निघतं. घेणारा आणि विकणारा दोघंही भावकीतले असतील तर दोघांना एकाच वेळी तोच कागद द्यावा, किंवा सरळ त्रयस्थ गॅरेजकडं पाठवून तपासणीचे पैसे दोघांनी निम्मे भरावेत. काकांना पुतण्याला स्वस्त द्यायची असेल तर खुशाल द्यावी. फक्त खरा भाव आधी लिहावा, सूट वेगळ्या ओळीत. नाहीतर पुतण्याला सूट मिळाली हे कळतच नाही आणि काकांना ती आयुष्यभर आठवते.

घरातल्या व्यवहारात सगळ्यात जास्त घोळ नावावर करण्यात होतो. "घरचंच आहे, करू सावकाश," म्हणून गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून कपाटात पडतात. कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर भरपाईला आरसीवर ज्याचं नाव तो जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय. गाडी त्या आधी अनेकदा विकली गेली असली तरी. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव असेल तर आधी ते नाव काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ आणि वारसांचे कागद, त्याआधी भावाची चर्चाच करू नये.

एनसीबी गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. विकणाऱ्यानं कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. घेणाऱ्यानं पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायची, एनसीबीच्या फरकाचा हप्ता त्यालाच भरावा लागतो, म्हणून "विमा आठ महिने शिल्लक आहे" याचे पूर्ण पैसे देऊ नयेत. बाकी राहिलेली ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर बघून विसार देण्याआधी भरून घ्यावीत. आणि चावी दिली त्याच दिवशी विकणाऱ्यानं फास्टॅग बंद करावा, नाहीतर पुतण्या पुण्याला निघाला की किणी आणि तासवडे नाक्याचे मेसेज काकांच्या मोबाइलवर येत राहतात.