आजोबांचे घड्याळ आणि तुटलेली शिरोरेषा : आमची वाटचाल

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत आमचा अक्षरजुळणीचा आणि फोटोकामाचा व्यवसाय चालतो. अक्षरांचे काम मी पाहतो आणि छायाचित्रांचे माझी धाकटी बहीण पाहते. अप्पा बळवंत चौक जवळ असल्यामुळे कागदवाले, बाइंडर, ऑफसेटवाले सगळे हाकेच्या अंतरावर आहेत; लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर पहिली काही वर्षे बरी गेली. भांडवल, जागा आणि यंत्रे यांची हकिकत कोणत्याही छोट्या धंद्यासारखीच असल्याने ती येथे सांगत नाही. आमच्या कामाला वळण लागले ते लोकांनी काढलेल्या चुकांमुळे, आणि त्या नीट ऐकून घ्यायला आम्हाला किती वेळ लागला हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

एका लग्नाच्या अल्बमसाठी घरच्यांनी एक विनंती केली होती. वधूचे आजोबा लग्नाच्या आधीच वारले होते, आणि वाड्याच्या चौकात काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत ते आजींच्या शेजारी उभे दिसावेत, अशी सर्वांची इच्छा होती. त्यांचा पूर्ण उंचीचा एक जुना फोटो आम्हाला मिळाला. बहिणीने तो स्कॅन केला, कडा सुबक कापल्या, रंग जुळवले, आणि काम झकास झाले असे आम्हाला वाटले. वधूच्या मावशींनी प्रूफ पाहिले आणि त्या म्हणाल्या, “आजोबा आल्यासारखे वाटत नाहीत हो, चिकटवल्यासारखे वाटतात.” मावशींना यातले काय कळते, असे मी नंतर बहिणीजवळ पुटपुटलो होतो. बहिणीने मात्र तिथल्या तिथे त्यांना विचारले, “नेमके कुठे खटकते, बोट ठेवून दाखवता का?” मावशींनी आजोबांच्या चपलांवर बोट ठेवले. “पाय टेकलेले नाहीत.”

ते खरोखरच टेकलेले नव्हते. पाऊल जिथे जमिनीला लागते तिथे अगदी अरुंद आणि गडद सावली असते, आणि तिथून दूर जाताना ती फिकी व पसरट होत जाते. आम्ही सगळीकडे एकाच गडदपणाची मऊ सावली ओढून दिली होती. ती दुरुस्त करताना दुसरी गोष्ट दिसली, ती मावशींना शब्दांत सांगता आली नव्हती, पण तिच्यामुळेच त्यांना खटकत असणार. चौकात ऊन डावीकडून आले होते, त्यामुळे सर्वांच्या नाकाची सावली उजवीकडे पडली होती, आणि एकट्या आजोबांची डावीकडे. आम्ही हुशारी करून आजोबांचा फोटोच उलटा फिरवला. सावली जुळली. दुसरे प्रूफ आजींच्या हातात गेले, त्यांनी ते चष्म्याजवळ धरून पाहिले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “ह्यांनी उजव्या हाताला घड्याळ कधी बांधले नाही.” घड्याळाबरोबर सदऱ्याचा खिसा आणि केसांचा भांगही दुसऱ्या बाजूला गेला होता.

शेवटी घरच्यांनी ट्रंकेतून दुसरा फोटो शोधून दिला, ज्यात उजेड डावीकडून होता. तो पिवळ्या बल्बखाली काढलेला होता. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा कमी तितका तो पिवळा; अशा बल्बचा उजेड सुमारे २,७०० केल्विनचा, तर दिवसाच्या उन्हाचा सुमारे ५,५००. त्यामुळे आधी त्यातला पिवळेपणा उतरवावा लागला. जुन्या प्रिंटचा रवाळपणा आणि डिजिटल कॅमेऱ्याचा गुळगुळीतपणा शेजारी शेजारी नांदत नाहीत, म्हणून अखेरीस सगळ्या चित्रावर एकसारखे बारीक रवे टाकले. या वेळी आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक प्रत वेगळी मागून घेतली.

अक्षरांच्या बाबतीत माझी परीक्षा अधिक कडक झाली, कारण परीक्षक जाणकार होते. आमच्या गल्लीत एक निवृत्त जुळारी राहतात, ज्यांची हयात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्यात गेली. एका गिर्यारोहक मंडळाच्या भित्तिपत्रकावर मी मोठ्या अक्षरांत ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे शीर्षक घेतले होते आणि इंग्रजी मासिकांत पाहिले होते त्याप्रमाणे अक्षरांमधले अंतर वाढवून ते ऐसपैस केले होते. काका दारातूनच म्हणाले, “अरे, दोरी तुटली की!” रोमन अक्षरे सुटी उभी असतात, त्यांना मोकळी जागा मानवते, देवनागरीचा शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, आणि अंतर वाढवले की तिच्यात फटी पडतात. काकांचे म्हणणे असे की खिळ्यांच्या काळात दोन खिळ्यांमधली फट दिसू नये म्हणून त्यांनी डोळे फोडून घेतले, आणि मी यंत्रावर ती मुद्दाम पाडत होतो. शीर्षक रुंद हवे असेल तर मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

काका पुढे आले आणि त्यांनी दुसरी चूक काढली, “आणि ही अक्षरे गडाला वाळत का घातलीस?” मागे सिंहगडाचा फोटो होता, आणि शीर्षकाची शिरोरेषा बरोबर गडाच्या माथ्याच्या रेषेवर बसली होती. नजरेला दोन आडव्या रेषांतली कोणती अक्षराची आणि कोणती डोंगराची हे कळत नव्हते. वर टीव्हीचा मनोरा तर एखाद्या मात्रेसारखा दिसत होता. देवनागरीत प्रत्येक शब्द स्वतःबरोबर एक ठळक आडवी रेघ घेऊन येतो, त्यामुळे क्षितिज, विजेच्या तारा, कठडा किंवा पायऱ्या असलेल्या चित्रावर तो कुठे बसवायचा हा निराळाच विचार आहे, आणि तो मला कोणत्याही वर्गात शिकवला गेला नव्हता. आम्ही शीर्षक आकाशात वर सरकवले.

त्याच भित्तिपत्रकात सर्वांत मोठा घोळ होता, आणि तो काकांनाही दिसला नाही. छपाईच्या आदल्या संध्याकाळी एका मुद्रितशोधक बाईंचा फोन आला : “तुमच्या सह्याद्रीत समुद्र शिरला आहे.” शीर्षक ठीक होते, परंतु खालच्या मजकुरात ‘दऱ्या’च्या जागी सर्वत्र ‘दर्या’ झाले होते. मंडळाकडून आलेल्या मजकुरात हा अर्धा र साध्या ‘र’ला हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन टंकलेला होता, मजकूर ‘स्वच्छ’ करताना मी सर्व अदृश्य चिन्हे एका फटक्यात काढली आणि र चा रफार होऊन य वर जाऊन बसला. आता आम्ही असा मजकूर आला की आधी तो नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेल्या ‘ऱ’ने टंकून घेतो. आचाऱ्यांना द्यायची सुपारी आचार्यांना जाऊ नये, एवढ्यासाठी तरी ही खबरदारी हवी.

‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. एका शाळेच्या स्मरणिकेवर तिथल्या शिक्षिकांनी लिहिले, “ल हिंदी वळणाचा आहे.” पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असे राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही आहे. आमच्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे होती. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडायची तेवढी राहिली होती.

या सगळ्यानंतर आम्ही प्रूफ दाखवण्याची पद्धत बदलली. पूर्वी व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचो आणि “जरा उठाव आणा” किंवा “मजा नाही आली” अशी उत्तरे यायची, त्यावर करण्यासारखे काहीच नसायचे. ती चूक गिऱ्हाइकाची नव्हती. आम्ही प्रश्नच विचारला नव्हता. आता खऱ्या मापाचे प्रिंट बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर लावतो, गिऱ्हाईक जिथून ते पाहणार तितक्या अंतरावर त्यांना उभे करतो आणि विचारतो की पहिल्यांदा काय वाचले, आणि नजर कुठे अडली. हातात लाल पेन्सिल देतो. पुणेकराला लाल पेन्सिल देणे धोक्याचे आहे हे मान्य, पण वर्तुळ काढायचे म्हटले की माणूस जागा दाखवतो, आणि जागा कळली की कारण आम्ही शोधू शकतो. ओळींमधले अंतर असेच सुधारले : तीन वेगवेगळ्या माणसांनी वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार जिथे भिडत होते तिथेच वर्तुळे काढली होती. यंत्र आपणहून अक्षराच्या मापाच्या सव्वापटीहून थोडे कमी अंतर देते, ते रोमनला पुरते. आम्ही आता १२ पॉइंटच्या मजकुराला १८ पर्यंत देतो.

सगळ्याच सूचना आम्ही मानतो असे नाही. नेत्यांचा फोटो गणपतीपेक्षा मोठा करा, ही सूचना एका मंडळाने दिली होती. तिच्यावर बराच वाद झाला आणि ते काम दुसरीकडे गेले.

सध्या भिंतीवर एका वाचनालयाच्या कार्यक्रमाचे भित्तिपत्रक आहे. चहावाल्या मुलाला विचारले तर त्याने सर्वांत आधी फोन नंबर वाचला, म्हणून तो लहान केला. काकांनी दोन वर्तुळे काढून ठेवली आहेत, एक बहिणीच्या कामात आणि एक माझ्या. बहिणीचे कारण सापडले : पुस्तकांच्या कपाटाच्या कडेला कापताना राहिलेली पांढरी रेघ. माझ्या वर्तुळात काय खटकले ते काका सांगायला तयार नाहीत, आणि गुरुवारी छपाईची प्लेट काढायची आहे.