नाउरूचा कायदा कुठे वाचायचा?

प्रशांत महासागरातल्या नाउरू या प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा देशाचे सगळे कायदे एका कपाटात मावत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे बरेचसे कायदे दुसऱ्या देशांच्या कपाटात होते. नाउरूच्या संसदेने १९७१ मध्ये रूढी आणि अंगीकृत कायद्यांविषयी एक अधिनियम केला आणि ३१ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशी, इंग्लंडमध्ये लागू असलेले सर्वसाधारण स्वरूपाचे कायदे स्थानिक परिस्थितीला मानवतील तेवढे नाउरूतही चालू राहतील, असे ठरवले. फौजदारी कायदा तर त्याहून जुना होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याची १८९९ ची दंडसंहिता ऑस्ट्रेलियन प्रशासनाने बेटावर लागू केली होती, तीही १ जुलै १९२१ रोजी जशी होती तशी.

या तारखेमुळे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. क्वीन्सलंडने १९२२ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, फाशीची शिक्षा रद्द केली. नाउरूकडे आलेली प्रत त्याआधीची असल्यामुळे देहदंड तिथल्या कायद्यात २०१६ पर्यंत राहिला. स्वातंत्र्यानंतर तिथे कोणाला फाशी दिली गेली नाही, ही गोष्ट वेगळी. समलिंगी संबंधांबाबतही हेच घडले. क्वीन्सलंडने ती कलमे १९९० मध्ये काढून टाकली, नाउरूत मात्र ती २०१६ चा नवा गुन्हेविषयक अधिनियम येईपर्यंत टिकली. तोवर बेटावर एखाद्यावर खटला भरला गेला, तर त्याच्या वकिलाला क्वीन्सलंडची आजची संहिता उपयोगाची नव्हती. त्याला १९२१ ची प्रत आणि तिच्यात नाउरूने नंतर केलेल्या सुधारणा, असे दोन्ही एकत्र लावून वाचावे लागत असे. क्वीन्सलंड सरकारचे संकेतस्थळ कितीही अद्ययावत असले, तरी ते जितके अद्ययावत तितके या वकिलासाठी दिशाभूल करणारे.

म्हणूनच अशा देशाचे कायदे इंटरनेटवर टाकणे म्हणजे नुसते कागद स्कॅन करून चढवणे नव्हे. कोणते कलम अजून जिवंत आहे, कोणत्याचे निरसन झाले आहे, कोणत्या सुधारणेने कोणता शब्द बदलला, हे सगळे जुळवून एकसंध मसुदा तयार करावा लागतो, आणि हे काम किचकट, कंटाळवाणे व कधीच न संपणारे असते. नाउरू सरकारचा ‘रॉनलॉ’ हा कायदेसंग्रह ते करतो आणि कोणालाही तो फुकट वाचता येतो. त्याच्या जोडीला ‘पॅकली’ आहे. दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या वनुआतूमधील पोर्ट व्हिला येथील विधी विभागातून चालणाऱ्या या संग्रहात प्रशांत महासागरातील अनेक द्वीपदेशांचे कायदे आणि न्यायालयांचे निकाल एकत्र मिळतात. सिडनीच्या दोन विद्यापीठांनी १९९५ मध्ये उभारलेल्या ‘ऑस्टली’ या ऑस्ट्रेलियन संग्रहाचे तांत्रिक साहाय्य त्याला लाभले.

फुकट असणे हे मला इथे औदार्यापेक्षा अपरिहार्य वाटते. भारतात कायद्याची पुस्तके छापून धंदा करणारे प्रकाशक आहेत, कारण विकत घेणारे वकील लाखोंनी आहेत. नाउरूच्या दंडसंहितेची टीपांसहित आवृत्ती कोण छापणार आणि किती जणांसाठी? तिथे सार्वजनिक पैशाने किंवा विद्यापीठाच्या आश्रयाने कायदा खुला झाला नाही, तर तो बाजारात कोणत्याही किमतीला मिळणार नाही.

शिवाय वाचणारे केवळ बेटावरचे नसतात. ऑस्ट्रेलियाने २०१२ पासून समुद्रमार्गे आलेल्या आश्रयार्थींना पुन्हा नाउरूत ठेवायला सुरुवात केली. त्यांना निर्वासित मानायचे की नाही, हे नाउरूच्याच २०१२ च्या निर्वासितविषयक अधिनियमाने ठरत असे, आणि त्यावरचे अपील नाउरूच्या सर्वोच्च न्यायालयातून थेट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात, म्हणजे त्या देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात, जाऊ शकत असे. याच काळात परदेशी पत्रकारांच्या व्हिसाचे शुल्क ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आले आणि २०१५ मध्ये बेटावर फेसबुक बंद करण्यात आले, ते २०१८ पर्यंत. म्हणजे बेटावर जाऊन पाहणे जवळपास अशक्य, पण तिथला कायदा मात्र मेलबर्नमधल्या वकिलालाही बसल्या जागी वाचता येई.

या उघडेपणाची मर्यादाही तिथेच दिसली. ऑस्ट्रेलियात अपील करण्याची सोय १९७६ च्या करारावर उभी होती आणि नव्वद दिवसांची सूचना देऊन तो संपवता येत असे. नाउरूने १२ डिसेंबर २०१७ रोजी तशी सूचना दिली, १२ मार्च २०१८ रोजी करार संपला, आणि ज्यांचे अशील या मार्गावर अवलंबून होते त्या वकिलांना हे कळले ते त्यानंतर काही आठवड्यांनी. अधिनियम खुले होते. ते ज्यावर टेकले होते तो करार गुपचूप काढून घेतला गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात अशा गुपचूपपणाचा समाचार घेतला होता. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये अफूविषयीचा कायदा नुसत्या ठरावाने संमत झाला होता, पण तो लोकांपुढे कधी आलाच नव्हता. न्या. विवियन बोस, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, यांनी असा अप्रसिद्ध कायदा लोकांवर बंधनकारक ठरवण्यास नकार दिला आणि हरलाची शिक्षा रद्द झाली. करार संपवणे आणि कायदा लागू करणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत, हे मान्य. पण आपला अपिलाचा हक्क संपला आहे हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला हा फरक फारसा उपयोगी पडत नाही.

नाउरूने २०१८ मध्येच स्वतःचे अपील न्यायालय स्थापन केले आणि त्याचे निकाल ‘पॅकली’वर वाचता येतात. अशा संग्रहात आता अधिनियम व निकाल यांच्या शेजारी देशाने केलेले आणि संपवलेले करारही, त्यांच्या सूचनांसह, त्याच दिवशी लावले जावेत, असे माझे मत आहे. एवढ्या छोट्या देशासाठी ते काम फार मोठे नाही.