हातीपोताच्या घरातून पाहिलेला ‘देवदास’ : तुलनेच्या कामाची आतापर्यंतची नोंद

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘देवदास’ या बंगाली कादंबरीच्या पडद्यावरील आवृत्त्यांची तुलना निघाली की चर्चा बहुधा एकाच वळणावर जाते : सैगल श्रेष्ठ की दिलीपकुमार, आणि शाहरुख खान त्यांच्या पंगतीला बसतो की नाही. या वादात मला फारसा रस उरलेला नाही. त्यामुळे या खेपेस मी तुलनेची मोजपट्टीच बदलली असून प्रत्येक चित्रपटात देवदासची बालमैत्रीण आणि प्रेयसी पार्वती (पारो) हिचे सासर, म्हणजे हातीपोता गावचे भुवन चौधरींचे घर, कसे उभे केले आहे एवढेच पाहत आहे. देवदासच्या दारू पिण्यावर दिग्दर्शकाने किती मेहनत घेतली हे सर्वांनाच दिसते. पार्वतीच्या संसारावर किती घेतली हे मुद्दाम पाहिल्याखेरीज कळत नाही.

ही मोजपट्टी सुचण्यास सांगलीत राहणे कारणीभूत आहे. येथून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर आहे. ते गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. थोराड बिजवराच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधली जाण्याची कोणतीही कथा समोर आली की येथल्या माणसाच्या मनात आधी देवलांचे नाटक ‘संगीत शारदा’ जागे होते. १८९९ सालच्या त्या नाटकात पाऊणशे वयमानाचा भुजंगनाथ आहे, पैशापायी मुलीला विकायला निघालेला कांचनभट आहे आणि ते सारे पाहणारा प्रेक्षक कोणाच्या बाजूने उभा राहील याविषयी नाटककाराच्या मनात तिळमात्र संदेह नाही. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली असली तरी तिचे लेखन त्याच्या बरेच आधीचे, म्हणजे जवळजवळ ‘शारदा’च्याच काळातले आहे. दोन्हींना लागून असलेला सामाजिक प्रश्नही एकच आहे. मात्र तो मांडण्याची तऱ्हा इतकी निराळी आहे की एक वाचून दुसरे वाचणारा काही काळ गोंधळूनच जातो.

प्रथम मूळ कादंबरीकडे वळतो, कारण चित्रपट पाहून झाल्यावर पुस्तक वाचणाऱ्यांच्या ध्यानातून दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली गोष्ट वयाची. लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा पार्वतीला नुकते तेरावे वर्ष लागलेले आहे. दुसरी गोष्ट नकाराच्या कारणाची. देवदासच्या, म्हणजे मुखर्जींच्या, घरून स्थळ नाकारले जाते ते केवळ श्रीमंती-गरिबीच्या फरकामुळे नव्हे. पार्वतीचे घराणे मुलीच्या लग्नात पैसे घेणाऱ्यांपैकी आहे आणि शिवाय ते अगदी शेजारचे आहे, असे दोन्ही आक्षेप त्यामागे आहेत. म्हणजे कांचनभटाची सावली येथेही आहे. भुवन चौधरी मात्र भुजंगनाथ नाही. तो चाळिशीच्या आसपासचा, मुलेबाळे असलेला, सधन आणि सभ्य विधुर आहे, आणि या मुलीपुढे तो थोडा ओशाळलेलाच असतो. त्याचा थोरला मुलगा महेंद्र वयाने पार्वतीहून मोठा असूनही तिला आई मानतो. रुसलेल्या सावत्र मुलीला पार्वती आपले दागिने घालते आणि आपलीशी करते. दानधर्म आणि अतिथींचे करणे यांत ती सारे घर चालवते. शरच्चंद्रांनी तिच्या वाट्याला छळ दिलेला नाही, आणि माझ्या मते कादंबरीतील सर्वांत जाचक गोष्ट हीच आहे : तक्रार करायला जागाच न ठेवणारे ते घर आहे.

कादंबरीच्या शेवटी बंद होणारा दरवाजा नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. दारापुढील पिंपळाखाली रात्री येऊन पडलेला आणि नंतर मेलेला माणूस तालसोनापूरचा देवदास मुखर्जी होता, हे पार्वतीला महेंद्रकडून कळते ते प्रेत नेल्यानंतर. ती धावत सुटते, घरची माणसे तिला धरून आणतात आणि ती बेशुद्ध होते. शुद्धीवर आल्यावर ती दासीला, तो रात्रीच आला होता ना, एवढेच विचारते आणि गप्प होते.

आता चित्रपट. प्रमथेश बरुआंनी न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेसाठी १९३५ साली बंगाली आणि १९३६ साली हिंदी ‘देवदास’ केला. बंगालीत ते स्वतः आणि हिंदीत सैगल, अशी योजना होती, आणि पार्वतीची भूमिका दोन्हींत जमुना यांची. हिंदी आवृत्तीतील प्रवासाचा भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला. गाडीत भ्रमात पडलेला देवदास पार्वतीला हाक मारतो, तिकडे हातीपोताला पार्वती अडखळते, इकडे देवदास बाकावरून खाली पडतो, असा जोडकामाचा, म्हणजे संकलनाचा, तो प्रसिद्ध प्रसंग आहे. त्या काळातील बोलपट नाटकाच्या चौकटीत अडकलेले असताना दोन दूरची घरे केवळ कात्रीच्या बळावर एकत्र आणण्याचे धाडस बरुआंनी केले. मात्र त्यात पार्वतीच्या संसाराला स्वतःचे अस्तित्व उरत नाही. देवदासची हाक जेथे ऐकू जाते ती जागा, इतकेच त्या घराचे काम आहे.

या हिंदी चित्रपटाचे छायालेखन बिमल रॉय यांचे होते, आणि १९५५ साली त्यांनीच नवा ‘देवदास’ दिग्दर्शित केला, हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरचे देवदास पुस्तकाइतकेच एकमेकांकडूनही शिकत आले आहेत. नबेंदू घोष यांची पटकथा आणि राजिंदरसिंग बेदी यांचे संवाद असलेल्या या चित्रपटात हातीपोताचे घर आवाज न करता वावरते. सुचित्रा सेन यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. त्यांची पार्वती सासरी आल्यावर जणू एकदम वयाने वाढते. बोलणे कमी होते, मान सरळ होते, आणि चेहऱ्यावर मालकिणीचा तोरा नसून जबाबदारी स्वीकारलेल्या बाईची शांतता दिसते. अर्थात ती तेरा वर्षांची नाही, आणि कोणत्याच चित्रपटात तशी असणे शक्यही नव्हते. परंतु त्यामुळे ‘शारदा’ने विचारलेला प्रश्न पडद्यावर येण्याआधीच गळून पडतो आणि उरते ती केवळ प्रेमाची शोकांतिका, ही किंमत या चित्रपटालाही चुकली नाही.

याच चित्रपटातील एका प्रसंगापाशी मी सर्वाधिक रेंगाळलो. देवदासवर जीव जडलेली आणि त्याच्या शोधात पायी निघालेली गणिका चंद्रमुखी आणि पालखीतून जाणारी पार्वती वाटेत एकमेकींसमोरून जातात. कादंबरीत या दोघी कधीच भेटत नाहीत. येथेही त्या भेटतात असे म्हणणे कठीण आहे, कारण एक शब्द बोलला जात नाही. पालखीतली नजर आणि रस्त्यावरची नजर क्षणभर एकमेकींना लागतात, पालखी पुढे जाते आणि चंद्रमुखी आपली वाट धरते. कोण कोण आहे हे दोघींनाही ठाऊक नाही, ठाऊक आहे ते फक्त प्रेक्षकाला. मूळ कथेत नसलेली गोष्ट घालावी तर ती अशी. शेवटी पार्वती धावते आणि ती पोहोचण्याआधी वाड्याचा दरवाजा बंद होतो. पुस्तकात तिला माणसे अडवतात, येथे लाकूड अडवते. पडद्याच्या दृष्टीने हा बदल अचूक असला तरी त्याने घराला खलनायक करण्याची वाट मोकळी करून दिली, असे माझे मत बनले आहे.

संजय लीला भन्साळी २००२ साली त्याच वाटेने अगदी टोकाला गेले. नितीन चंद्रकांत देसाई यांचे कलादिग्दर्शन पाहताना मराठी माणसाची छाती फुगते हे खरे, परंतु त्या झुंबरांखाली भुवन चौधरीचा मूळ ओशाळेपणा पार हरवतो. हा भुवन पहिल्या पत्नीच्या आठवणीत गुंतलेला, नव्या पत्नीला घराची मालकीण म्हणून आणलेला आणि पुढे तिला घराबाहेर पडण्यास बंदी करणारा आहे. पुस्तकात मुळीच नसलेला कालीबाबू हा जावई येथे मिलिंद गुणाजींनी रंगवला आहे आणि कटकारस्थानाचा सारा भार त्याच्यावर व देवदासच्या वहिनीवर टाकला आहे. मुलीचा पैसा घेण्याची प्रथा उल्लेखापुरती उरते आणि नकाराचे खरे कारण पार्वतीच्या आईच्या घराण्यातील नाचगाणे हे ठरते. बिमल रॉय यांनी रस्त्यावर ओझरत्या जाऊ दिलेल्या दोघींना येथे दुर्गापूजेच्या निमित्ताने हातीपोताच्या घरातच एकत्र आणून नाचवले आहे. ‘डोला रे डोला’ नृत्य म्हणून देखणे आहे, त्याविषयी दुमत नाही. पण जमीनदाराच्या घरची सून गावादेखत असे नाचते, ही गोष्ट ज्या काळाचा देखावा उभारला आहे त्या काळालाच मानवत नाही. शेवटी मात्र, लांबच लांब पदर फरफटत ऐश्वर्या राय त्या न संपणाऱ्या दालनांतून धावते तेव्हा घराचा अवाढव्यपणा प्रथमच कामी येतो. दरवाजा दूर आहे, हे तेथे खरोखर जाणवते.

गाण्यांविषयी थोडे अवांतर. बालगंधर्वांचे नागठाणे आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे पद सुरू झाले की कथा थांबणार आणि त्यात वाईट काही नाही, असे येथल्या रसिकाला वाटते. तरीही १९५५ च्या चित्रपटात ‘आन मिलो आन मिलो श्याम सांवरे’ हे भिक्षेकऱ्यांच्या मुखी घातलेले गीत लहान पारोच्या मनातले बोलून जाते, म्हणून ते मला अधिक नाटकी, चांगल्या अर्थाने नाटकी, वाटते. त्याच्या मागे पुस्तकातला एक गोड प्रसंग उभा आहे : देवदासने ठेवायला दिलेले तीन रुपये पार्वती तीन वैष्णवींना देऊन टाकते, तेव्हा दोनच रुपये दिले असते तर प्रत्येकीला किती आले असते याचा चोख हिशेब देवदास करून दाखवतो आणि ती म्हणते की त्यांना तुझ्यासारखे गणित येत नाही.

अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’बद्दल (२००९) थोडक्यात लिहितो. पंजाबात आणि दिल्लीत घडणाऱ्या या चित्रपटात पारोचे सासर जवळजवळ दिसतच नाही, आणि माझ्या मोजपट्टीवर हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला. माही गिलची पारो लग्नानंतर देवच्या खोलीवर आपण होऊन येते, त्याचे मळके कपडे धुते, त्याला चार खडे बोल सुनावते आणि आपल्या पायांनी परत जाते. तिला अडवणारा दरवाजा नाही, कारण तिला तो ओलांडून राहायचेच नाही. पुस्तकातील पार्वतीचा करारी स्वभाव या चित्रपटात, इतर सारे मोडून तोडून टाकलेले असतानाही, टिकून आहे.

पुढील टप्प्यात १९५३ चा तेलुगू ‘देवदासु’ घेणार आहे. अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री यांचे काम मी तुकड्यातुकड्यांनी पाहिले असून गायक घंटसालांचा आवाज कानात आहे, पण हातीपोताचे प्रसंग भाषेवाचून नीट उलगडत नाहीत. मिरजेच्या रेल्वे वसाहतीतील एका तेलुगूभाषक स्नेह्यांनी सोबत बसून अर्थ सांगण्याचे मान्य केले आहे. त्यानंतर दिलीप रॉय यांचा १९७९ चा बंगाली चित्रपट येईल. त्यात सौमित्र चटर्जी देवदास आणि उत्तमकुमार त्याचा मित्र चुनीलाल असल्यामुळे बहुतेकांचे लक्ष त्या दोघांवरच खिळते. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी भुवन चौधरी त्यात कसा आहे, आणि शेवटी पार्वतीला माणसे अडवतात की दरवाजा, एवढे कळवल्यास मला टिपणे आधीच आखून ठेवता येतील.