हाडाच्या प्लेटचं पेटंट, नागपुरातून: माझा अनुभव

हाडाच्या प्लेटवर पेटंट मागायचं तर आधी पेटंट कायदा, १९७० चं कलम ३(आय) वाचावं. माणसावर करायच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. प्लेट, स्क्रू, ड्रिल-गाइड, कृत्रिम सांधा या वस्तूंना मिळू शकतं. पण सर्जन शोध सांगतो तो हातांच्या क्रमाने: प्लेट बसवली, ड्रिल मारलं, स्क्रू आवळला. तोच क्रम क्लेममध्ये, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या कलमात, उतरला की आक्षेप आलाच समजा. म्हणून मसुद्यात आम्ही एक नियम पाळला: क्लेममध्ये धातू बोलला पाहिजे, डॉक्टर नाही.

विषय होता ३.५ मिमी स्क्रूची टायटॅनियम लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्या छिद्रातल्या आट्यांत स्क्रूचं डोकंही आवळून बसतं अशी. हाड जुळल्यावर ती काढायला जावं तर स्क्रूचं डोकं छिद्रात जाम. गाइड नीट न बसवता ड्रिल मारलं की स्क्रू तिरका जातो आणि आटे एकमेकांवर चढतात. दुसरं कारण, टॉर्क-लिमिटर (ठरावीक पिळापुढे आवळू न देणारं साधन) बाजूला ठेवून मनगटाच्या जोरावर आवळणं. या मापाला १.५ न्यूटन-मीटर पुरतं. त्यापुढे टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर घासला जातो आणि धातू धातूला धरतो. मग काढताना डोक्यातली स्क्रूड्रायव्हरची खाच झिजते, आणि शेवटी डोकंच ड्रिलने उडवावं लागतं. आम्ही छिद्राच्या आट्यांना उभ्या खाचा दिल्या, शिवाय तळाकडे आट्यांची खोली कमी केली.

जुने शोध धुंडाळताना नुसत्या शब्दांवर विसंबू नका. एकाच वस्तूला कुणी ‘बोन प्लेट’ म्हणतो, कुणी ‘फिक्सेशन मेंबर’. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने शोधा: प्लेट ए६१बी १७/८०, स्क्रू १७/८६, सांधे ए६१एफ २/३०. भारतीय अर्ज इनपासवर (भारतीय पेटंट कार्यालयाची शोध-साइट), बाहेरचे एस्पेसनेटवर (युरोपीय पेटंट कार्यालयाची). खाचा पाडलेले आटे बदलत्या कोनाच्या (स्क्रू तिरकाही बसवता येतो अशा) प्लेटमध्ये आधीपासून आहेत, त्यामुळे आमचा मुख्य क्लेम खाचांवर नाही, खाच आणि घटती खोली यांच्या जोडीवर उभा केला.

सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, म्हणून अनेकांना वाटतं की अर्ज तिथेच द्यायचा. तसं नाही, ते प्रशिक्षणाचं ठिकाण. नागपूरचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि डिजिटल सहीने ऑनलाइन भरता येतो. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फॉर्म १ चे (मूळ अर्जाचे) १,६०० रुपये, तपासणीच्या फॉर्म १८ चे ४,०००. दहापुढच्या प्रत्येक क्लेमला ३२० जास्त. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरतं वर्णन) भरल्यास १२ महिन्यांत कम्प्लीट (क्लेमसह पूर्ण वर्णन) भरावंच लागतं. फॉर्म १८ ला २०२४ च्या नियमांनी पहिल्या अर्जापासून ३१ महिने.

अर्जाआधी शोध उघड झाला तर त्याचं नवेपण धोक्यात येतं, म्हणून हिंगणा एमआयडीसीत नमुना करायला टाकण्याआधी गोपनीयतेचा करार करून घ्या. परिषदेत पोस्टर लावायचं असेल तर आधी अर्ज, मग पोस्टर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो तर नकोच.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कम्प्लीट स्पेसिफिकेशनला. आवळायचा आणि काढायचा टॉर्क मोजलेला तक्ता त्यातच हवा, साध्या छिद्राच्या प्लेटशी तुलना करून, कारण कलम ५९ मुळे नवा मजकूर नंतर घुसवता येत नाही. छिद्राचा उभा छेद मोठा काढा. नुसतं प्लेटचं वरून चित्र दिलं तर आट्यांची खोली दिसतच नाही. आकृतीवर वर्णन लिहायचं नाही, फक्त क्रमांक. डावीकडे आणि वर ४ सेंमी समास.

तपासणी अहवालात अपेक्षित तेच येतं: एका दस्तऐवजात आट्यांचं छिद्र, दुसऱ्यात खाच, दोन्ही जोडणं तज्ज्ञाला सहज सुचेल. उत्तराला सहा महिने. ‘आमची रचना वेगळी आहे’ एवढं म्हणून भागत नाही; खोली घटल्याने घर्षण कुठे आणि का कमी होतं ते तक्त्यावर बोट ठेवून सांगावं लागतं. सुनावणी व्हिडिओवर होते, लेखी म्हणणं त्यानंतर १५ दिवसांत.

पेटंट मिळालं म्हणजे प्लेट रुग्णात बसवायची परवानगी मिळाली असं नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली चाचणीपुरती प्लेट बनवायलाही एमडी-१२ हा फॉर्म भरून एमडी-१३ हा परवाना घ्यावा लागतो. तो अर्ज पेटंटची वाट न बघता सोबतच सुरू करा.